पोखरलेले बांबू

विचुंबे
१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

परेश,

आशीर्वाद वगैरे लिहीत नाही. तुझ्यावर अजून राग आहे आणि सणाच्या दिवशी खोटं लिहू नये म्हणतात. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, मेल तू उघडत नाहीस, म्हणून हा कागद. तुझा शाळासोबती राहिल काल मार्केटात भेटला. तोही जहाजावरून सुट्टीवर आलाय. तो म्हणाला, कंपनीच्या बेलापूरच्या ऑफिसात पाकीट दिलं की पुढच्या बंदरात जहाजावर पोचतं. म्हटलं चला, भावाशी बोलायला आता एजंट लागतो तर लागतो.

मुद्द्याचं आधी लिहिते. आई म्हणते, तुझं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत संपतंय पण तू ते वाढवून घ्यायच्या विचारात आहेस. विचार कसला, माझं तोंड बघायला लागू नये म्हणून चाललंय ते. माझ्याशी भांड, हवं तर आयुष्यभर भांड, पण त्यात आईला का भरडतोस? तुझा फोन येऊन गेला की ती गॅलरीत जाऊन उभी राहते आणि आतून हाक मारली तरी तिला ऐकू येत नाही. जानेवारीत उतर आणि घरी ये. एवढंच मागायला हे पत्र आहे.

गेल्या सव्वीस जानेवारीचं मला उगाळायचं नाही. पण माझी बाजू तू कधी ऐकूनच घेतली नाहीस, बॅग भरलीस आणि गेलास. म्हणून एकदाच लिहिते आणि सोडते.

मी पीएच.डी. करतेय ती सुतार भुंग्यांवर, हे तुला माहीत आहे, कारण सगळ्यात जास्त तूच हसला होतास. वालाचं फूल घट्ट मिटलेलं असतं. भुंगा बसतो तेव्हा त्याच्या वजनाने ते उघडतं आणि मग शेंग धरते. आपलं शेत आहे तिथे, नेऱ्यात, लोक मावा किडीसाठी वालावर औषध मारतात. ते औषध माव्याबरोबर भुंग्याच्याही पोटात जातं. त्यातून भुंगे कसे तग धरतात, हा माझा विषय. त्यासाठी मी दोन हंगाम बांधावर सुके बांबू टांगले. काही आपल्या शेतात, जिथे औषध नाही. काही नदीपलीकडे आनंदाकाकांच्या शेतात, जिथे पाठीवरचा पंप खाली उतरतच नाही. माद्यांनी त्यांना बोटाएवढी गोल भोकं पाडली, आत भुशाच्या भिंती घालून खोल्या केल्या, खोलीखोलीत अंडी घातली. पंचविसाच्या संध्याकाळी मी सगळे बांबू उतरवले आणि आपल्या शेतावरच्या पडवीत रचून ठेवले. सोमवारी लॅबमध्ये नेऊन ते चिरायचे, खोल्या बघायच्या, की माझं काम झालंच होतं.

आणि सव्वीसला तू शेतावर पाहुणे बोलावून मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावलीस. मी दुपारी लॅबमधून थर्मास आणि डबे आणायला पनवेलला गेले होते. परत आले तेव्हा मडकं उलटं मांडलेलं, भोवती जाळ, आणि त्या जाळात माझे बांबू तडतडत होते. जे काही मी बोलले ते सगळ्या पाहुण्यांसमोर बोलले. ज्याने हे केलं त्याचं मी जन्मात तोंड बघणार नाही, हेही बोलले. तू आईच्या पुढे येऊन उभा राहिलास आणि शांतपणे म्हणालास, "मग नको बघूस. मी केलंय." साधं चुकलो म्हणाला असतास तरी मी तेव्हाच निवळले असते.

असो. माझ्या गाईड मॅडमनी विद्यापीठाकडून एक हंगाम वाढवून घेतलाय. यानंतर नाही. नवे बांबू हवेत, आणि ते कोण जमवतंय माहितीये? आई. ज्या बाईने मला सात वेळा विचारलं होतं की भुंग्यांवर शिकून नोकरी कुठे लागते, ती आता नेऱ्यातल्या घराघरांतून सुके बांबू मागत फिरते. गुडघे दुखतात तरी.

सोनं पाकिटात घालते. वाळून जाईल, पण आपटा आपल्याच बांधावरचा आहे.

ताई

विचुंबे
२४ नोव्हेंबर २०२४

परश्या,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण पत्र पोचलं हे कळलं, कारण आईला तू फोनवर म्हणालास की ताईचं अक्षर अजून कोंबडीचे पाय उमटल्यासारखंच आहे. आईने ते मला हसत हसत सांगितलं आणि लगेच डोळे पुसले. बरं वाटलं, खरं सांगते. शिवी का असेना, माझ्या नावाने आली.

भात कापून झालं. वाल टाकला. सकाळी नेऱ्याला गेलं की जमिनीतून तो ओला वास येतो, आणि मला दरवर्षी होतं तेच होतं, म्हणजे मी दहा वर्षांची होते आणि तू माझ्या मागे फ्रॉकचं टोक धरून चालायला लागतोस. आठवतंय, आई-दादा पुढे असायचे, दादांच्या खांद्यावर मडकं. आपल्याला काम एकच, भांबुर्ड्याचा पाला गोळा करायचा. तू दर वेळी भलताच पाला आणायचास आणि दादा तो हुंगून तुझ्याच डोक्यावर ठेवायचे. मग मडक्यात पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे अंडी, पुन्हा पाला. मडकं उलटं करून भोवती पेंढा आणि काटक्या. झाली की नाही बघायला दादा मडक्यावर पाणी शिंपडायचे आणि चर्र वाजलं की तू ओरडायचास, झाली, झाली. एकदा शिजायच्या आधीच ओरडलास आणि आपण सगळ्यांनी कच्च्या शेंगा खाल्ल्या. दादा मीठ जास्त झालंय एवढंच म्हणाले.

दादा गेल्यावर पोपटी बंदच पडली होती. तू परत सुरू केलीस. त्या दिवशी तू दादांसारखाच उकिडवा बसून मडकं रचत होतास असं आनंदाकाका नंतर मला म्हणाले. मी ते बघायला नव्हते याचं वाईट वाटतं. बांबूंचं वाटतं तेवढंच.

तुझा शेतातला माळा अजून उभा आहे. आठवीच्या सुट्टीत रानडुकरांपासून शेत राखायला म्हणून बांधलास तो. डुक्कर एकही आलं नाही आणि तू तिथे झोपा काढल्यास. शिडीची तिसरी पायरी तेव्हाच मोडली होती, ती तशीच आहे. आई म्हणाली हा माळा उतरवून त्याचे बांबू घे. मी नाही म्हटलं. का म्हटलं ते विचारू नकोस.

आता आईचं सांगते, कारण मला तिची काळजी वाटते. बांबू जमवून झाले तरी ती थांबत नाही. प्रत्येक बांबू उन्हाकडे धरते आणि विचारते, याला भोक हाय का? अगं, भोक भुंगा पाडणार, आपण नाही, हे मी हजारदा सांगितलं. पडवीच्या दाराला तिने कुलूप लावलंय, किल्ली स्वतःच्या पिशवीत. परवा जेवताना मी सहज म्हणाले, परेशने निदान विचारायला तरी हवं होतं. तर म्हणाली, "पोराला काय बोलू नको," आणि अर्ध्या ताटावरून उठली. शेंडेफळ ना तू. तुझ्याविरुद्ध शब्द काढला की घरात मीच खलनायिका.

एक गोष्ट मात्र तिने केली जी मला जमली नसती. ती आनंदाकाकांकडे गेली आणि सांगून आली की औषध सकाळी मारू नका, भुंगे तेव्हा फुलावर असतात. काका म्हणाले, "वयनी, वाल तुमच्या पोरीचा नाय, माझा हाय." पण फुलं आली की संध्याकाळीच मारीन म्हणाले. माझ्या प्रयोगाची त्यामुळे वाट लागते ती वेगळीच, कारण मला सकाळचंच बघायचं होतं. मी कपाळाला हात लावला आणि आईला थँक्यू म्हटलं. दुसरं काय करणार.

बांबू अजून रिकामे आहेत. एकही भोक नाही. फुलं येईपर्यंत वाट बघायची.

तुझं काय चाललंय ते कधीतरी लिही. बंदराचं नाव लिहिलंस तरी चालेल.

ताई

विचुंबे
१५ डिसेंबर २०२४

परेश,

आईने सांगितलं. तू कॅप्टनशी बोललास, आणखी चार महिने. अजून सही केली नाहीस पण करणार आहेस.

कर. आम्ही इथे ठीक आहोत. आई नेऱ्याला जाऊन रिकाम्या बांबूंखाली बसते, मी तिच्या शेजारी बसते, आणि आम्ही दोघी आभाळ बघतो. फार मजा चाललीये.

तुला कळत नाही की तू नसल्यावर या घरात कोणी कोणाशी खरं बोलत नाही. मी आईला विचारते बरी आहेस ना, ती म्हणते बरी हाय. ती मला विचारते भुंगे आले का, मी म्हणते येतील. येणार नाहीत बहुतेक. होते तेवढे जाळात गेले, आणि नवे यायला आजूबाजूला सुकं लाकूड राहिलंय कुठे, जिकडे तिकडे फार्महाऊसची कुंपणं. मॅडमनी कालच विचारलं, विषय बदलून छोटं काहीतरी करून टाकायचं का. मी रडले नाही. घरी येऊन भांडी घासली, तीसुद्धा आधीच घासलेली.

लहानपणी भांडण झालं की तू माळ्यावर चढून बसायचास आणि मी खालून शेंगा फेकायचे. निदान तेव्हा नेम लागायचा. आता समुद्राच्या मधोमध कुठे फेकू?

सही करायच्या आधी एकदा विचार कर. याहून जास्त मनधरणी मला येत नाही.

ताई

विचुंबे
८ जानेवारी २०२५

परश्या, खोटारड्या,

हे पत्र राहिल तुझ्या हातात देणार आहे. तो उद्या निघतोय, कोलंबोला तुमच्याच जहाजावर चढेल. त्याच्याबरोबर त्याच्या अम्मीने, शहाबानोचाचींनी, सांदणं दिली आहेत, ती तुझी. त्यांनी निरोप दिलाय की पत्र आधी वाच आणि मग खा, नाहीतर खाऊन झोपशील. त्या तुला नीट ओळखतात.

परवा सकाळी फुलांची नोंद करायला आम्ही दोघी नेऱ्याला गेलो. वाल यंदा उशिरा फुललाय, पण छान फुललाय, सगळं शेत जांभळट. आणि मला भुंग्याचा आवाज आला. तुला वाटेल त्यात काय, पण मी तो आवाज सगळा हंगाम ऐकला नव्हता. एक मादी फुलाफुलावर फिरत होती. तिच्या मागे मी बांध तुडवत गेले. टांगलेल्या बांबूंकडे ती फिरकलीसुद्धा नाही. ती सरळ तुझ्या माळ्याकडे गेली आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीत, त्या मोडक्या बांबूत, गोल भोक होतं, त्यात शिरली. वर बघितलं तर माळ्याच्या आडव्या बांबूला आणखी भोकं, खाली ताजा भुसा पडलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन महिने मी त्या माळ्याला पाठ टेकून बसत होते.

मग ती बाहेर आली आणि मी तिला जाळीत धरलं. परेश, तिच्या पाठीवर लाल ठिपका होता. अर्धा निघालेला, पण लाल.

तुला आठवतंय, सिंगापूरहून तू मला नेलपॉलिशच्या बाटल्या आणल्या होत्यास आणि मी त्या भुंग्यांना लावल्या म्हणून रुसला होतास. आपल्या शेतातल्यांना सोनेरी, आनंदाकाकांच्या शेतातल्यांना लाल. म्हणजे ही नदीपलीकडची, औषधाच्या शेतातली. दोन हंगामांत मी पाहिलं होतं ते हेच, की औषधाच्या शेतातल्या माद्या मरत नाहीत, पण वाट चुकतात. उशिरा घरी येतात, दुसरीच्याच बांबूत शिरतात, अंडी कमी घालतात. मी बांबू उतरवले त्या संध्याकाळी ही बाहेरच राहिली असणार. आली तेव्हा घर नव्हतं. मग कधीतरी नदी ओलांडून इकडे आली आणि तुझ्या माळ्यात राहिली. जाळाआधीची, मी ठिपका लावलेली ती एवढी एकच दिसलीये, पण बाकीची भोकं भरलेली आहेत. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, विषय बदलायचा नाही, माळ्याला हात लावायचा नाही, मी येते.

मी आईला बोलावलं आणि जाळीतली मादी दाखवली. म्हटलं, बघ, जळाली नव्हती. आईने तो ठिपका जवळून निरखला. मग माळ्याच्या खांबाला धरून खाली बसली, त्या ओल्यातच, आणि म्हणाली:

"अनुया, मीच सांगितलं त्याला. पडवीतले पोखरलेले बांबू घे म्हटलं. भोकं पडलेली बघून मला वाटलं, किडके हायत, जाळायच्याच लायकीचे."

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. तिने सगळं सांगितलं. तू पेंढा घेऊन येत होतास, तिने स्वतःच्या हाताने पडवीतून बांबू काढून तुझ्याकडे दिले. तू विचारलंस सुद्धा, ताईचे तर नाहीत ना, आणि ती म्हणाली, ताय कशाला किडका बांबू ठेवेल. मी रिक्षातून उतरून ओरडत आले तेव्हा ती काही बोलायच्या आत तू पुढे झालास.

मी तिला विचारलं, मग एवढं वर्ष गप्प का राहिलीस. तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "रात्री त्याला बोलले, उद्या मी सांगते तायला. तर म्हणाला, नको आई. मी तसाही जहाजावर जाणार. तू कुठं जाशील?"

मी तिथेच उभी होते, हातात जाळी, जाळीत भुंगी गुणगुणत होती. मला रडू आलं. तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर तुझ्या थोबाडीत मारली असती आणि मग सोडलंच नसतं. वर्षभर मी तुला काय काय बोलले, मनात, कागदावर, आईच्या तोंडावर. आणि ती बिचारी दर वेळी ताटावरून उठत होती. मला वाटत होतं तुझी बाजू घेते.

आई पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, तू म्हणालीस ना तोंड बघणार नाय. मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, आई, पोखरलेला बांबू दिसला की आपल्या गावात कोणीही जाळातच घालणार. मीही घातला असता, हे शिक्षण घेतलं नसतं तर. ते भुंग्याचं घर आहे हे मी तुला कधी दाखवलंच नव्हतं. मग दाखवलं. माळ्याच्या एका बांबूला तिचा कान लावला. आतली दुसरी मादी बांबू कोरत होती, कर्र कर्र असा बारीक आवाज येत होता. आई ऐकत राहिली, आणि म्हणाली, तुझे दादा असते तर त्यांनाबी ऐकवला असता. आम्ही भुंगीला सोडून दिलं. सरळ तिसऱ्या पायरीवर गेली, वाट न चुकता.

येताना आईने पडवीची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, आता तुझ्याकडे ठेव. मी ती दाराच्या खिळ्याला अडकवली.

आता तुझं. आनंदाकाकांच्या वालाला शेंगा धरल्यात, आपल्या शेतातल्या महिनाअखेरीस भरतील. मडकं आणलंय. जाळाच्या काटक्या मी स्वतः निवडून ठेवल्यात, एकेक फिरवून बघितलीये. पाला तू आण, चुकीचा आणलास तरी चालेल. ती सही करू नकोस. राहिलला मी सांगून ठेवलंय की करायला गेलास तर पेन समुद्रात टाक.

मी बोलले होते की ज्याने हे केलं त्याचं तोंड बघणार नाही. ते तू केलंच नव्हतंस, तेव्हा तुला ते कधी लागूच नव्हतं. आणि जिने केलं, तिचं तोंड मी रोज सकाळी चहा घेताना बघते. आत्ता ती समोर बसून विचारतेय, पत्र संपलं का, आणि त्यात तिकडे थंडी आहे का ते विचारलंस का. तेव्हा सांग, थंडी आहे का, आणि कुठल्या तारखेला उतरतोस.

तुझी ताई